हरबा सगळ्यांना कामाला लावतो

एका गावात हरबा नावाचा भोळा गडी होता. शेत भावांनी वाटून घेतलं आणि हरबाला बैलाची झूल दिली. आई म्हणाली, “तालुक्याला जा, बाबा. लोकांची सेवा करायची नोकरी धर. आता सगळे तेच करतात.”

हरबा खानावळीत लागला. मालक म्हणाला, “रिकामं ताट दिसलं की वाढायचं. विचारत बसायचं नाही.”

कोपऱ्यात धुतलेल्या ताटांची चळत होती. हरबाने ती खाली मांडली आणि एकेका ताटात आमटी-भात वाढला.

मालकाने कपाळावर हात मारला. “अरे, माणूस बघून वाढ! आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांब!” एवढं शिकवून त्याने हरबाला हाकललं.

हरबा केशकर्तनालयात लागला. खुर्चीत एक मास्तर बसले आणि त्यांना डुलकी लागली. मास्तर काही ‘पुरे’ म्हणेनात. हरबा काही थांबेना. डोकं झालं, मिशा झाल्या, भुवया झाल्या. त्या दिवशी मास्तरांना बायकोने घरात घेतलं नाही.

“झोपलेल्या माणसाला आधी हलवून जागं करायचं, शहाण्या!” दुकानदार ओरडला. तिथूनही हरबा निघाला.

मग तो दवाखान्यात लागला. दुपारी सगळा वॉर्ड झोपलेला. हरबाने एकेकाला गदागदा हलवून उठवलं. एक आजोबा मात्र उठेनात. ते नुकतेच वारले होते. हरबाने त्यांना उशीला टेकवून बसतं केलं. ते बघून त्यांचे जावई आडवे झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इथे हताश माणसं येतात रे. त्यांचा हात धरून सांगायचं असतं, ‘काळजी करू नका. उद्यापासून कामाला लागाल.’ जा आता तू.”

हरबा गेला तो रोजगार मेळाव्यात. तिथे त्याला पाणी द्यायला ठेवलं. मंत्री आले तसे टेबलामागचे टेंबे साहेब हार घेऊन धावले. “जरा बस रे इथे.”

हरबा बसला. समोर शिकल्यासवरल्या पोरांची लांब रांग. सगळ्यांची तोंडं उतरलेली. हरबाने एकेकाचा हात धरला. “काळजी करू नका. उद्यापासून कामाला लागाल.”

एक मुलगी रडायलाच लागली. “खरंच, दादा?”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय,” हरबा म्हणाला.

टेंबे साहेब परत आले तेव्हा रांग संपली होती. पोरं एकमेकांना पेढे भरवत होती.

“काय झालं रे यांना?”

“लागले सगळे.”

“कशाला लागले?”

“कामाला.”

साहेब मटकन खाली बसले. “नीघ इथून! अरे गाढवा, हा रोजगार मेळावा आहे. इथे नोकऱ्या द्यायच्या नसतात!”