देशकालाचा उच्चार

नदीकाठच्या एका पाठशाळेत एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यावर मोठे काम सोपवून निश्चिंत झाले होते. दूरदेशी राहणाऱ्या, पुरोहित न मिळणाऱ्या लोकांसाठी त्या शिष्याने पाठशाळेचे संकेतस्थळ उभारले. प्रत्येक विधीचे स्वतंत्र पान होते आणि साऱ्या पानांची नावे वरच्या पट्टीत, म्हणजे मेनूत, ओळीने मांडली होती. ज्या नावावर बोट ठेवावे, ते पान उघडे.

शिष्य काटेकोर होता. पट्टीतील सर्व नावे त्याने एकाच आकाराची, एकाच रंगाची ठेवली. संकेतस्थळे बांधणाऱ्या एका मित्राने सुचवले होते की, उघडलेल्या पानाचे नाव वेगळ्या रंगात दिसावे. शिष्याने ते साफ नाकारले. गणेशपूजन रंगवायचे आणि श्राद्ध कोरे ठेवायचे, असा पंक्तिप्रपंच पाठशाळेत चालणार नाही, असे त्याने ऐकवले.

"अरे, मेनू म्हटले की तुला लगेच पंगत आठवली," मित्र म्हणाला, आणि त्याने नाद सोडला.

पुढे एके दिवशी परदेशातील एका व्यापाऱ्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचे पहिले वर्षश्राद्ध होते आणि त्याच्या गावात पुरोहित नव्हता. 'वर्षश्राद्ध' या नावावर त्याने पुन्हा पुन्हा बोट ठेवले. पान नुसते लुकलुके आणि तेच परत येई. हेच वर्षश्राद्ध, की शेजारचा महालय, हे त्याला उमगेना. दोन्ही पानांचा आरंभ आचमनानेच होता, आणि नाव पट्टीत आहेच म्हणून शिष्याने ते पानावर पुन्हा लिहिले नव्हते.

"शास्त्रीबुवा, उद्या मी आईचे श्राद्ध करणार की साऱ्या पितरांचे, एवढे तरी मला कळू द्या. आईचे पहिले वर्ष परत येणार नाही," तो चिडून म्हणाला.

नावे वर स्पष्ट लिहिली आहेत, शांतपणे वाचावीत, असे शिष्याने कोरडेपणाने सांगितले. आचार्यांपाशी त्याने ही हकिगत, मित्राच्या रंगाच्या सूचनेसकट, तक्रारीच्या सुरात सांगितली.

सायंपूजेला आचार्य बसले. आचमन झाले. हातात पाणी घेऊन त्यांनी एकदम 'पूजा करतो' असा संकल्प म्हटला आणि ते पाणी सोडणार, इतक्यात शिष्याने न राहवून ताम्हण मागे ओढले.

"गुरुजी, देशकाल राहिला."

कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या तिथीला आपण बसलो आहोत, हे आधी उच्चारायचे आणि मगच काय करणार ते सांगायचे, ही रीत त्याने त्यांच्याकडूनच घेतली होती.

"याच पाटावर बसून मी म्हातारा झालो," आचार्य म्हणाले. "मी कुठे आहे हे मला ठाऊक, देवालाही ठाऊक. मग उच्चार कशाला?"

"कर्ता कुठे बसला आहे हे म्हटल्यावाचून संकल्प पुरा होत नाही, गुरुजी."

"मग त्या गृहस्थाचा कसा व्हावा? नावे तू चोख दिलीस. पण तो स्वतः कुठे बसला आहे, हे त्याला कोणी सांगितले? रंगाने एका विधीचा मान वाढेल अशी तुला धास्ती. अरे, तो रंग विधीचा नव्हेच, वाचणाऱ्याचा आहे. वाचणारा ज्या पानावर जाईल, तिथे रंग त्याच्या मागोमाग जाईल. आपण नदीचा दक्षिण तीर म्हणतो, म्हणून उत्तर तीर काय हलका ठरतो?"

शिष्याने मान खाली घातली आणि ताम्हण पुन्हा जागेवर सरकवले.

पूजा आटोपताच तो कामाला बसला. उघडलेल्या पानाचे नाव त्याने केशरी केले, खाली रेघ दिली, आणि त्याच नावावर पुन्हा बोट ठेवले तर पान लुकलुकणार नाही अशी व्यवस्था केली. मग स्वतः फोन करून व्यापाऱ्याची क्षमा मागितली. आचार्यांना नमस्कार करू लागला, तेव्हा ते म्हणाले, "माझे राहू दे. रागावून का होईना, त्याने विचारले. न विचारता निघून गेला असता तर? त्याचे उपकार मान."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. आवाज निवलेला होता. आईचे कार्य यथासांग झाले होते. "पान उघडले आणि ते केशरी नाव दिसले," तो म्हणाला. "वाटले, कोणी शेजारी बसून सांगते आहे, हं, तुम्ही इथे आहात, करा सुरू. फार उपकार झाले."

"उपकार आपले," शिष्य म्हणाला. आणि मग त्याने ते विचारले, जे आजवर त्या गृहस्थाला विचारावे असे त्याच्या मनातही आले नव्हते.

"आपण असता कुठे?"