पोईवालीचा पहिला घोट

पूर्वी शिलावती नगरात धृतिमान राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने बैलाचा जन्म घेतला होता. गोमिल नावाच्या सार्थवाहाच्या तांड्यात तो पहिल्या गाडीला जुंपला जाई. शिंगे वाकडी, चाल संथ आणि स्वभाव इतका शांत, की गोमिल त्याला लाडाने 'आजोबा' म्हणे.

नगराबाहेर, जिथे वाळवंट सुरू होई, तिथे वासवी नावाच्या बाईची पाणपोई होती. त्या वाटेवरच्या विहिरी कधी बिघडतील याचा नेम नसे. म्हणून पोईवालीने पाहुण्यादेखत पहिला घोट स्वतः घ्यायचा आणि मगच गडू पुढे करायचा, अशी रीत होती. पाणी देऊन झाले की वासवी प्रत्येक तांड्याला विचारी, "पलीकडं माझी रेवा दिसली का हो? हनुवटीवर गोंदण आहे तिच्या." कुणालाच दिसलेली नसे.

रेवा तिची एकुलती एक मुलगी. ती सासरी निघाली त्या सकाळीच मायलेकींचे कडाक्याचे भांडण झाले आणि रागाच्या भरात वासवीने तिची पाण्याची पखाल भरून दिली नाही. पुढे वादळात तो तांडा पांगला. कोण तरले, कोण गेले, काहीच कळले नाही. तेव्हापासून वासवी वाटेकडे डोळे लावून बसली होती. सगळ्यांवर माया करणारी ती बाई स्वतःशी मात्र फार कठोर वागत होती.

एका उन्हाळ्यात गोमिलचा तांडा पोईवर थांबला. वासवीने गडू ओठांना लावला, "गोड आहे," म्हणाली आणि पाणी वाढू लागली. माणसे प्यायली. बैलांच्या डोणी भरल्या. बोधिसत्त्वाने मात्र तोंड लावले नाही.

गोमिल वैतागला. "आजोबा, ही काय रुसायची वेळ आहे? बाकीचे तांडे बाजार गाठतील आणि आपण बसू हात चोळत."

"बाईंनी घोट घेतलाच नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "ओठ भिजले, गळा हलला नाही."

हे ऐकताच एकच गलका झाला. कुणी तोंडातले पाणी थुंकले, कुणी काठी उचलली.

"पाणी चांगलं आहे हो," वासवी कळवळून म्हणाली. "मीच उजेड असेतो पीत नाही. माझी पोर तहानलेली गेली. मी कोणत्या तोंडानं पिऊ?" एवढे बोलताच तिला भोवळ आली आणि ती मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली.

बोधिसत्त्व तिच्याजवळ गेला. "माय, आत्ता रेवा या वाटेने आली आणि तुझे हे फुटलेले ओठ तिने पाहिले, तर काय करील?"

वासवीचे डोळे भरून आले. मग रडता रडताच तिला हसू आले. "आधी पाणी पाजील. मग भांडेल."

"मग पी. भांडायला तरी तू उरायला हवीस."

तिने गडू उचलला आणि खरोखर प्यायली. त्यानंतर ती लेकीचे नाव घेऊन पोटभर रडली. मग बोधिसत्त्व प्यायला. तिला उभे राहता येईपर्यंत गोमिलने गाड्या सोडून ठेवल्या. बाजार हुकला, पण त्याने आजोबांना बोल लावला नाही. वासवी पुढेही प्रत्येक तांड्याला रेवाविषयी विचारीत राहिली, पण पहिला घोट मात्र पिऊ लागली.

जमलेल्या शिष्यांना ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "तेव्हाचा गोमिल म्हणजे आजचा उपासक पूर्णक, वासवी म्हणजे ही समोर बसलेली भिक्षुणी मृणाला, आणि तो बैल मीच होतो."

मृणालेने हात जोडले. "भगवन्, आणि रेवा? ती पोचली होती का?"

"पोचली होती," शास्ता म्हणाले. "पण आईशी भांडून निघाले, आता तिला कोणत्या तोंडाने निरोप धाडू, असे म्हणत तीही जन्मभर, तांडे न फिरकणाऱ्या आडगावी, सासरच्या उंबऱ्यावर आईची वाट पाहत बसली."

मृणालेने चीवराच्या टोकाने डोळे पुसले.

सर्वांवरच्या अशा पूर्ण मायेला मैत्री-पारमिता म्हणतात. तिच्यात आपला स्वतःचाही वाटा असतो.