कारण विचारणारा माणूस

“पण सर, तिथून आजवर एक तरी डॉक्टर बाहेर पडलाय का?”

आदिनाथ उपाध्येने हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावर सर स्टेथोस्कोपच्या नळ्या पुसत होते. पुसत राहिले.

प्रश्न साधा होता. आदिनाथ एमबीबीएसला विद्यापीठात दुसरा आला होता. पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक जुनं, नावाजलेलं कॉलेज. तिथून तीन वर्षांत एमडी होऊन बाहेर पडायचं. दुसरी संस्था यंदाच सुरू होत होती. तिथं पाच वर्षं, रुग्णही बघायचे आणि संशोधनही करायचं. पहिलीच तुकडी. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

घरच्यांनी जुन्या कॉलेजचाच आग्रह धरला होता. सरांनीही तेच म्हणावं, म्हणजे विषय मिटला, या हिशेबाने तो सांगलीहून सकाळची एसटी पकडून आला होता. कॉलेजात त्याला शिकवलेले सर निवृत्तीनंतर या नदीकाठच्या गावात दवाखाना चालवत होते.

“आज माझा घसा बसलाय,” सर म्हणाले. “बाहेरच्या पेशंटशी तू बोल.”

पेशंटचं नाव विलास कोळेकर. वय चौतीस, ऊसतोड कामगार. आदिनाथने रिपोर्ट चाळले. दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली, निम्म्याहून जास्त निकामी. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, मुतखडा नाही. त्याने पाच मिनिटांत निदान केलं, काय खायचं, काय टाळायचं, मोठ्या दवाखान्यात कुणाला भेटायचं, सगळं नीट समजावून सांगितलं.

विलासने मान डोलावली. मग विचारलं, “पण डॉक्टर, हे झालं कशानं?”

“काही वेळा याचं कारण कळत नाही.”

“माझ्या थोरल्या भावाला पण हेच झालतं. त्यो गेला.”

आदिनाथने रिपोर्टवरून नजर उचलली.

“त्यालाबी असंच सांगितलं हुतं. कळत न्हाई म्हणून.”

आदिनाथ पुन्हा रिपोर्ट वाचू लागला. वाचायचं काही उरलं नव्हतं. विलास कागद पिशवीत घालून दोघांनाही नमस्कार करून गेला.

सरांनी एक वही पुढे सरकवली. त्यात अकरा वर्षांतली त्रेचाळीस नावं होती. सगळे ऊसतोड करणारे, सगळे पन्नाशीच्या आतले. गाव, वय, तपासण्या, सगळं लिहिलेलं. शेवटचा रकाना ‘कारण’ असा होता. तो पहिल्या पानापासून मोकळा होता.

आदिनाथने वही शेवटपर्यंत पाहिली. एकच आडनाव दोनदा, कुठं तीनदा आलेलं. त्याने विचारलं, उन्हामुळे होत असेल? की फवारणीच्या औषधांमुळे? पाण्यामुळे? सरांनी प्रत्येक वेळी खांदे उडवले.

“तुम्ही कुणाला कळवलं नाही?”

“कळवलं. शोधायला माणूस लागतो.”

सर जेवायला उठले. आदिनाथ जेवला नाही. व्हरांड्यात बसून त्याने आधी घरी फोन केला. वडील बराच वेळ बोलत होते, तो ऐकत होता. मग त्याने नव्या संस्थेला होकार कळवला.

परतीची गाडी चारला होती. निघताना तो सरांच्या पाया पडला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

“सर, पाच वर्षं घालवून काहीच सापडलं नाही तर? तेव्हा या लोकांना काय सांगू?”

सरांचा घसा आता बसलेला वाटत नव्हता.

“आज त्या विलासला सांगितलंस तेच,” ते म्हणाले. “तेव्हा ते खरं असेल.”