झळापूरचा निंब आणि राजाचे छत्र

लहानथोर वाचकहो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची आहे. परंतु जुनी आहे म्हणून ती मोघम सांगावी, असे मुळीच नाही. मंगलसेन राजाच्या कारकिर्दीचे एकविसावे वर्ष, महिना चैत्र, तिथी वद्य पंचमी. पंचांगात त्या वेळी वसंत ऋतू होता. अंगाला मात्र ग्रीष्म लागत होता.

त्या राज्याच्या कोरड्या मुलखात, एका आटलेल्या नदीच्या दोन काठांवर दोन मोठी गावे होती. अलीकडे झळापूर, पलीकडे फुफाटगाव. दोन्ही गावे सारखीच तापत, आणि दोहोंत भांडणाचा विषयही एकच असे: अधिक ऊन कोणाचे?

झळापूरकर सांगत, की आमच्या कौलांवर पापड वाळत घातला, तर तो भाजूनच खाली उतरतो. त्यावर फुफाटगावकर म्हणत, की तुम्हांला निदान वाळत घालायला बाहेर तरी पडता येते. आमच्याकडे वैशाखात सासूचे बोलणेसुद्धा गार वाटते. लग्नाच्या पंगतीत हा वाद निघाला, की जिलबी पानात तशीच राहून जाई.

झळापूरच्या चौकाच्या बरोबर मध्यभागी एक जुना कडुनिंब होता. त्याला दगडी पार होता, आणि त्या पारावर भिवराई नावाची एक वृद्ध स्त्री पाणपोई चालवीत असे. बत्तीस उन्हाळे तिने त्या झाडाखाली काढले होते. चार रांजण, वाळ्याची जुडी, लांब दांड्याचे पितळी ओगराळे आणि गुळाचा डबा, एवढा तिचा संसार.

भिवराईचा एक नियम होता. उन्हातून आलेल्याने प्रथम पारावर टेकायचे, पागोटे उतरवायचे, घाम वाळू द्यायचा. नंतर गुळाचा खडा तोंडात टाकायचा, आणि मगच पाणी प्यायचे. कोणी घाईने ओंजळ पुढे केली, तर ती ओगराळे मागे घेई. या नियमाला सावकार, सरदार, सासुरवाशीण, कोणीही अपवाद नव्हता. लोक कुरकुरत, आणि टेकत.

चैत्र वद्य पंचमीला चौकात दवंडी पिटली गेली. महाराजांनी या दोन गावांच्या उन्हाची कीर्ती ऐकली होती. जे गाव अधिक उष्ण ठरेल, त्याच्या सहनशक्तीचा गौरव म्हणून महाराज स्वतःचे राजछत्र त्याला अर्पण करणार होते. वैशाख वद्य सप्तमीला राजाचा मापारी फुफाटगावी येईल आणि अष्टमीला झळापुरी. भर दुपारी, गावाच्या चौकाच्या मध्यभागी, तांब्याच्या ताटलीत मेणाचा गोळा ठेवला जाईल. ज्या गावात तो लवकर वितळेल, ते गाव विजयी.

दवंडी संपली, आणि झळापूरला जिंकण्याचा ध्यास लागला.

गावचे प्रमुख रायाजी पाटील. माणूस वाईट नव्हता. पण मानाचा भुकेला होता. त्यांनी आज्ञा दिली, की आजपासून अंगणात सडा घालायचा नाही, त्याने हवा गार होते. बायकांनी सडा थांबवला. मग ओसरीवरचे वाळ्याचे पडदे उतरले. मग घरांवरचा पांढरा चुना खरवडला गेला. पलीकडून बातमी आली, की फुफाटगावाने चौकाला काळी फरशी बसवली आहे आणि चौकातली झाडे तोडायला घेतली आहेत. तेव्हा झळापूरनेही कुऱ्हाडी काढल्या.

चिंच गेली. उंबर गेला. वेशीवरच्या बाभळीही गेल्या. पुढचे झाड कोणते तोडायचे, हे ठरवायला गावकरी दर खेपेस निंबाखालीच जमत. कारण बसवेल अशी जागा तेवढीच उरत चालली होती. भिवराई त्यांना टेकायला लावी, गूळ देई, पाणी देई, आणि एकेका झाडाचा निकाल ऐके.

अखेर वैशाख वद्य सप्तमीच्या संध्याकाळी निंबाखाली सभा भरली, आणि तोडायला निंबाशिवाय काही शिल्लक नव्हते.

भिवराईने रांजणांकडे पाहिले. निंब गेला, तर रांजणांतले पाणी आंघोळीच्या पाण्यासारखे होणार. आणि गार पाणीच नसेल, तर पाणपोई कसली? नदीचे तापलेले पात्र ओलांडून येणारा वाटसरू मग कोणापाशी टेकणार? पण ती रडली नाही. तिने ओगराळे पुसून ठेवले.

"भिवराई," पाटील म्हणाले, "गावाच्या मानाचा प्रश्न आहे. मन घट्ट कर."

"करते. पण छत्र आले, की त्याखाली बसायचे कोणी, एवढे सांगा."

पाटील सहज म्हणाले, की पाटलाने. शास्त्रीबुवांनी घसा खाकरला आणि धर्माचा मान आधी असतो, अशी आठवण करून दिली. सर्वांत वयोवृद्ध तुकणाजी म्हणाले, की ऊन सर्वांत जास्त वर्षे मी सोसले आहे. सराफ म्हणाले, की छत्राला चांदीचा दांडा असल्याने ते सांभाळायला जाणता माणूस हवा. वाद रंगला, वाढला, आणि दिवेलागणीपर्यंत चालला. अंधारात कुऱ्हाड चालवता येत नाही. म्हणून निंब सकाळवर गेला.

सकाळी दोन लाकूडतोडे आले. परंतु कुऱ्हाडींना धार लावून येईपर्यंत ऊन चढले होते. त्यांनी बुंध्यावर पाच घाव घातले, आणि ते घामाने निथळू लागले. त्यांनी पाणी मागितले.

"आधी टेका," भिवराई म्हणाली. "घाम वाळू द्या."

ते टेकले. घाम वाळला, गूळ झाला, पाणी झाले. उठून त्यांनी आणखी चार घाव घातले, आणि पुन्हा घाम फुटला. पुन्हा टेकणे आले. रायाजी पाटील पाराभोवती येरझारा घालू लागले. त्यांनी भिवराईला बजावले, की आज पाणी लगेच दे. ती म्हणाली, की बत्तीस वर्षांत दिले नाही. उन्हातून आलेल्याला गार पाणी लगेच दिले, तर तो आजारी पडेल आणि झाड तोडायला कोणीच उरणार नाही. पाटील पुन्हा येरझारा घालू लागले.

"आजी," थोरला लाकूडतोड्या म्हणाला, "तुझ्या या घाम वाळवण्यात आमचा दिवस वाळला."

"मग सावलीबाहेर बसून वाळव. कोणी धरले आहे?"

त्याने चौकाकडे पाहिले. उन्हाने दगड पांढरे पडले होते. तो जागचा हलला नाही. आणि हळूच धाकट्याला म्हणाला, की हे झाड तोडायलासुद्धा याच झाडाची सावली लागते आहे.

इतक्यात वेशीवर तुतारी वाजली. मापारी आला. निंब नऊ घाव सोसून उभाच होता.

मापाऱ्याची अवस्था मात्र पाहवत नव्हती. आदल्या दिवशी त्याने फुफाटगावच्या उघड्या चौकात मोजणी केली होती. नाक सोलून निघाले होते, ओठ फुटले होते, आणि पागोट्याला हात लावला, तर चटका बसत होता. तो येताच पारावर कोसळला. भिवराईने त्याला नियमाप्रमाणे टेकू दिले, गूळ दिला, मग पाणी दिले. नंतर त्याने चौकाच्या मध्यभागी, म्हणजे पारावरच, ताटलीत मेणाचा गोळा ठेवला. शेजारी पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडली. वाटी भरून बुडाली, की एक मोजायचे.

फुफाटगावी दुसऱ्या वाटीलाच मेणाचे पाणी झाले होते. झळापुरी पाच वाट्या बुडाल्या. मेण किंचित मऊ झाले, एका बाजूला कलले, आणि तसेच राहिले.

"हरलात," मापारी समाधानाने म्हणाला, आणि पागोटे उशाला घेऊन आडवा झाला. ऊन उतरेपर्यंत तो उठला नाही.

त्या दिवसापासून गाव भिवराईशी बोलेना. तिच्या नियमापायी छत्र गेले, असे बायकासुद्धा म्हणू लागल्या. रायाजी पाटलांनी जाहीर केले, की छत्राचा समारंभ आटोपला, की हा निंब तोडायचा आणि पाणपोई उठवायची; गावाची नाचक्की रोज डोळ्यांपुढे नको.  भिवराईने बुंध्यावरच्या नऊ घावांवर शेणमातीचा लेप दिला आणि चारही रांजण काठोकाठ भरले.

ज्येष्ठ शुद्ध द्वितीयेला भर दुपारी महाराज फुफाटगावी आले. चौकात एकही झाड नव्हते. काळी फरशी तव्यासारखी तापली होती. भाट स्तुती गाऊ लागला आणि दुसऱ्याच ओळीला त्याचा घसा कोरडा पडला. महाराजांनी आपले छत्र समारंभपूर्वक हैबती पाटलांच्या हाती दिले. हैबती हे फुफाटगावचे प्रमुख. लोकांनी जयजयकार केला.

आणि मग सर्वांच्या ध्यानात आले, की महाराजांच्या डोक्यावर आता काहीच नाही.

हैबती पाटलांनी लगबगीने छत्र महाराजांवर धरले, तर स्वतः उन्हात आले. महाराजांनी सौजन्याने त्यांना आत बोलावले, तर दोघांचाही एकेक खांदा बाहेर राहिला. प्रधान मागे तळमळत होते. घोडे एक पाय उचलून दुसरा ठेवीत होते.

"पाटील," महाराज हळू आवाजात म्हणाले, "या गावात सावली कुठे आहे?"

 हैबती पाटलांनी नदीपलीकडे पाहिले. तेव्हा साऱ्या फुफाटगावाने तिकडेच पाहिले. दूरवर, त्या पांढऱ्याफटक उन्हात, एकच हिरवा ठिपका होता.

थोड्याच वेळात झळापूरकरांनी एक नवल पाहिले. नदीचे कोरडे पात्र ओलांडून महाराज, प्रधान, भाट, घोडे, आणि विजयी फुफाटगावातली झाडून सारी माणसे त्यांच्याकडे येत होती. आणि मध्ये ते छत्र डुलत होते. रायाजी पाटील पागोटे सावरीत धावले. मंडळी निंबाखाली शिरली, आणि एवढ्या मोठ्या समुदायातून एकच निःश्वास निघाला.

महाराजांनी पाण्यासाठी ओंजळ पुढे केली. भिवराईने ओगराळे मागे घेतले.

 रायाजी पाटलांच्या तोंडचे पाणी पळाले.

"आधी टेका, महाराज. मुकुट उतरवा. घाम वाळू द्या."

महाराजांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग मुकुट उतरवून ते शहाण्या मुलासारखे पारावर टेकले. गूळ खाल्ला. तीन ओगराळी पाणी प्याले. पाठ टेकण्यासाठी वळले, तेव्हा त्यांच्या हाताला बुंध्यावरचा लेप लागला.

"हे घाव कसले, आई?"

भिवराई काही सांगण्यापूर्वीच रायाजी पाटील पुढे आले. मान खाली घालून त्यांनी सगळे सांगितले: सडा, पडदे, चुना, चिंच, उंबर, आणि हा निंबही कसा जायचा होता, तेदेखील.

महाराजांनी त्या घावांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाटील, दोष निम्मा माझा आहे. कोणत्या गोष्टीला बक्षीस लावतो आहे, याचा मी विचार करायला हवा होता."

हैबती पाटील हातातल्या छत्राकडे पाहत उभे होते. हे परत घेऊन जायचे आणि त्या फरशीवर उभे राहायचे, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. त्यांनी भिवराईला विचारले, की निंबाचे एखादे रोप मिळेल का.

रांजणांच्या पाझरावर निंबाची इवलीशी रोपे उगवली होती. भिवराईने त्यांतले एक मातीसकट काढून त्यांना दिले.

"पण आमच्या चौकात हे जळून जाईल, भिवराई. आमच्याकडे सावली नाही."

"आहे की," ती म्हणाली. "हातात काय धरले आहे?"

सर्वांत आधी महाराज हसले. मग प्रधान हसले, आणि मग दोन्ही गावे एकदमच हसली.

फुफाटगावाने काळी फरशी उखडली, चौकात रोप लावले, आणि त्यावर चांदीच्या दांड्याचे राजछत्र रोवले. कोणी कोणत्या दिवशी पाणी घालायचे, हे ठरले. झळापुरात पुन्हा सडे पडू लागले, चुना लागला, आणि तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी रायाजी पाटलांनी स्वतःच्या हातांनी दोन झाडे लावली. निंब तोडण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. मापारी दर वैशाखात यायचा. पण मोजायला नव्हे, टेकायला.

रोप वाढले. चौथ्या वर्षी ते छत्राला टेकले. पाचव्या वर्षी त्याने छत्राचे रेशीम फाडून डोके वर काढले, तेव्हा फुफाटगावाने पेढे वाटले.

त्यानंतर अर्थातच नवा वाद निघाला: अधिक गार सावली कोणाची? हैबती पाटील म्हणत आमची, रायाजी पाटील म्हणत आमची. अखेर ठरले, की भिवराईने निवाडा करावा. आणि म्हातारीला पालखीत बसवून फुफाटगावी नेण्यात आले. तिथल्या निंबाखाली दोन्ही गावे जमली. मापाऱ्याने मेण ठेवले. सात वाट्या बुडाल्या, तरी गोळा जसाच्या तसा राहिला. मग सर्वांनी भिवराईकडे पाहिले.

"थांबा," ती बुंध्याला पाठ लावीत म्हणाली. "आधी टेकू द्या. घाम वाळला, की सांगते."

ती टेकली. पानांतून वारा आला. लोक श्वास रोखून थांबले. आणि पाहतात, तो भिवराईला गाढ झोप लागली होती.

रायाजी पाटलांनी हैबती पाटलांना हसून हात जोडले. छत्राचा चांदीचा दांडा मापाऱ्याच्या हवाली करण्यात आला, आणि महाराजांना निरोप गेला, की आमचे छत्र आम्ही वाढवले आहे. आपले आपण परत घ्यावे.

अशा रीतीने या वादाचा कायमचा निकाल लागला, तो मंगलसेन राजाच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, वैशाख वद्य सप्तमीला, भर दुपारी.

वाचकहो, ध्यानात ठेवावे ते एवढेच: आपल्या त्रासाची बढाई मारण्यात जेवढे बळ खर्च होते, तेवढ्या बळात तो त्रास निम्मा करता येतो.