सगुणाकाकीने न टाकलेला वाल

एका खाडीच्या मधोमध एक बेट होतं. त्याचं नाव कांदळबेट. बेटावर एकसष्ट घरं, मागे माडांची बाग आणि पुढे मिठागरं. भातशेतीला पुरेल एवढं गोडं पाणी तिथे नव्हतं. त्यामुळे तांदूळ काठावरून बेटावर यायचा आणि बेटाचं मीठ काठावर जायचं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

काठावर पाच गावं होती. त्यांनी आपसांत एक मेळ केला होता. बाजार एक, नियम एक, भांडण झालं तर निवाडाही एकाच ठिकाणी. पुढे कांदळबेटही या मेळात सामील झालं. दर महिन्याच्या वद्य अष्टमीला दुपारी काठावरच्या खैरवली गावात पिंपळाखाली मेळाची सभा भरायची. प्रत्येक गावासाठी एकेक सतरंजी अंथरलेली असायची. सहावी सतरंजी बेटाची.

बेटावर सगुणा नावाची मापारीण होती. बाजारात मीठ मापून देण्याचं काम तिचं. सगळे तिला सगुणाकाकी म्हणत. तिच्याकडे फणसाच्या लाकडाची जुनी पायली होती. ती पायली मिठाने काठोकाठ भरायची आणि मग तीन ओंजळींत वर शीग चढवायची. ती शीग देवळाच्या कळसासारखी टोकदार उभी राही. एक कण खाली सांडत नसे. सासूने तिला सहा महिने नुसत्या वाळूवर हे शिकवलं होतं. बेटाची रीतच तशी होती. शीग लावल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. सपाट माप देणारा माणूस मनाने कोता, असं बेटावर समजत.

एका बाजाराच्या दिवशी काठावर काकीने नेहमीप्रमाणे शीग लावली. इतक्यात मेळाचा माणूस हातात लाकडी फळी घेऊन आला. त्याने ती फळी पायलीवरून सपकन फिरवली. सगळी शीग खाली ढिगात पडली.

"हे काय केलंस?" काकीने विचारलं.

"मेळाचा नवा नियम आहे, काकी. आजपासून माप सपाट. मीठ असो की तांदूळ, सगळ्यांना सारखं."

काकीचे दोन्ही हात बराच वेळ तसेच पायलीवर राहिले. चाळीस वर्षांत तिच्या हाताला कुणी असं दूर सारलं नव्हतं.

ही गोष्ट होडीबरोबरच बेटावर पोहोचली आणि गाव पेटून उठलं. रावजी तांडेल किनाऱ्यावर उभा राहून म्हणाला, "मीठ आपलं, पायली आपली, हात आपला. आणि वरून फळी फिरवणारे हे कोण? असला मेळ सोडून द्या!"

रावजीची वहिनी यमुनाक्का शेजारच्याच घरात राहायची. तिचा नारळांचा व्यापार होता. ती कुंपणापलीकडून म्हणाली, "सोडा की! मग तांदूळ काय तुमच्या माडाला लागणार आहे का, भाऊजी?"

"वहिनी, तुम्ही नारळाकडे बघता. मी मानाकडे बघतो."

"बघा, बघा. रात्री ताटात मानच वाढून घ्या. वर थोडं मीठ भुरभुरवा."

लोक हसले, पण रावजीला ते लागलं. त्या दिवसापासून त्या कुंपणावरून जाणारी कालवणाची वाटी बंद झाली. यमुनाक्काच्या हातचं कालवण रावजीला फार आवडायचं. पण आता मागायचं कसं? रावजीच्या कोंबड्या तिच्या अंगणात आल्या, तर ती त्यांना हाकलून म्हणायची, "जा गं बायांनो, आपल्या अंगणात स्वतंत्र व्हा."

हळूहळू गावाचे दोन तट पडले. एका तटाने सुरू केलेलं भजन दुसरा तट पुढे म्हणेना. मिठागराचा बांध एका जागी खचला. तो नेहमी सगळे मिळून बांधत. या वेळी दोन्हीकडचे लोक नुसते बांधाच्या कडेला उभे राहून एकमेकांना नावं ठेवत राहिले. खारं पाणी आत शिरलं आणि दोन वाफ्यांतलं तयार मीठ विरघळून गेलं.

सगुणाकाकीला ते बघवलं नाही. खरं सांगायचं तर तिचं मन रावजीच्या बाजूने होतं. ती फळी तिला स्वप्नातसुद्धा दिसायची. पण आपल्या एका शिगेपायी गावाचा बांध फुटावा, हेही तिला सोसत नव्हतं.

शेवटी बाळकोबा गावकरांनी गाव बोलावलं. बाळकोबा हे गावचे प्रमुख. मेळाच्या सभेला बेटातर्फे तेच जायचे. पोट सुटलेले, मनाने चांगले, आणि झोप फार प्रिय. त्यांनी जाहीर केलं, "घरटी एक दाणा. मेळ सोडायचा असेल त्याने वाल टाकावा. राहायचं असेल त्याने गुंज टाकावी. मूठ झाकून टाका, कुणी कुणाची बघू नका."

देवळापुढच्या चौथऱ्यावर मडकं ठेवलं. एकेक घर येऊन दाणा टाकून गेलं. मापारणीने सगळ्यांच्या शेवटी टाकायचा, अशी रीत होती. आणि मोजायचंही तिनेच.

काकीने मडकं सुपात उपडं केलं. पांढरे वाल एकीकडे, तांबड्या गुंजा दुसरीकडे. तिने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. वाल तीस. गुंजा तीस.

सगळ्या गावाने काकीकडे बघितलं. तिच्या पदराच्या गाठीत सकाळपासून एक वाल बांधलेला होता. तिने गाठ सोडली आणि वाल हातात घेतला. आता तो सुपात पडला की फळीने केलेल्या अपमानाची भरपाई होणार होती. रावजीचे डोळे चमकले. यमुनाक्काने मान खाली घातली.

काकीचा हात सुपावर थांबला.

"माझ्या एका वालाने तीस घरांना ओढून न्यायचं, तर कुठे न्यायचं ते मला कळायला हवं," ती म्हणाली. "रावजी, सांग बघू. मेळ सोडला, की उद्या सकाळी काय करायचं?"

"सोपं आहे, काकी. आपली पायली, आपली शीग. काठावर कुणाशीच व्यवहार नको. होड्या घेऊन लांबच्या बंदरात जाऊ."

"लांबच्या बंदरात?" त्याच्याच तटातला एक जण उठला. "मी वाल टाकला तो काय लांब जायला? मला नुसती सभा नको आहे. बाजार हवा. बाजार आहे तसाच राहणार ना?"

तिसरा म्हणाला, "बाजार राहू दे, पण त्यांच्या होड्या आपल्या मिठागरापुढे जाळी टाकतात, ते बंद करा. मी त्यासाठी टाकला."

"मला वाटलं, मेळ सोडला की बांधाच्या कामाला जावं लागणार नाही," एक म्हातारा म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले, तसा तो खाली बसला.

यमुनाक्काला हसू आवरेना. काकी तिच्याकडे वळली.

"हसू नकोस गं. आता तू सांग. मेळात राहून काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? चाललंय तसं चालू द्यायचं."

"फळीचा नियम आला, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं?"

"नाही बाई."

"मग उद्या आणखी एखादा नियम येईल. तेव्हाही चालू द्यायचं?"

रावजी लगेच म्हणाला, "तेच तर मी म्हणतोय! त्यांनी आपल्याला न विचारता नियम केला!"

"खरं आहे तुझं," काकी म्हणाली. "पण न विचारता कसा झाला? सहावी सतरंजी आपलीच आहे ना? बाळकोबा, त्या सभेत तुम्ही काय बोललात?"

बाळकोबांनी उपरण्याने घाम पुसला. "त्याचं असं आहे, काकी... सभा अष्टमीला दुपारी. आणि अष्टमीला दुपारी ओहोटी. होडी चिखलात रुतलेली. ती तरंगायला लागून मी पोहोचेपर्यंत सभा संपलेली असते."

"पहाटे भरती असते की!" रावजी ओरडला. "पहाटे निघायचं!"

"पहाटे मी झोपलेला असतो," बाळकोबा अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

"मग तिथे जाऊन करता काय?"

"ते लोक माझ्यासाठी खीर ठेवतात. गुळाची. तेवढी खाऊन येतो."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं झाली असतील."

यमुनाक्का हसायला लागली. तिच्यामागून रावजी हसला. मग वालवाले, गुंजवाले, सगळेच हसू लागले. कुणी तरी म्हणालं, "म्हणजे आपण तीन वर्षं खिरीवर राज्य चालवलं!" बाळकोबा बिचारे स्वतःही हसले.

हसणं थांबल्यावर काकीने हातातला वाल पुन्हा पदराच्या गाठीत बांधला.

"मी आज हा टाकत नाही," ती म्हणाली. "ज्या सतरंजीवर आपण तीन वर्षं बसलोच नाही, तिच्यावरून उठायचं तरी कसं? आधी तिथे जाऊन बसू. मग राहायचं की उठायचं ते ठरवू."

पुढच्या अष्टमीला पहाटेच्या भरतीला बेटावरून चार होड्या निघाल्या. रावजी पुढच्या होडीत सुकाणूवर होता. यमुनाक्काही त्याच होडीत होती, कारण बाकीच्या भरल्या होत्या. बाळकोबांना दोघांनी धरून चढवलं आणि ते घोरतच खैरवलीला पोहोचले.

दुपारी सभेला सहावी सतरंजी भरलेली बघून मेळाचे प्रमुख दाजीबा चकित झाले. "तीन वर्षं तुमची सतरंजी रिकामी होती," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुम्हाला सगळं कबूल आहे."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्ही आमचा मुद्दाम अपमान करता," काकी म्हणाली. "ही शीग तुम्ही का बंद केलीत?"

"शिगेवरून बाजारात रोज भांडणं होत होती. म्हणून."

काकीने आपली पायली पुढे ठेवली. तीन वेळा भरली, तीन वेळा शीग लावली. तिन्ही शिगा अगदी सारख्या. बेटाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा!" रावजी म्हणाला. "कशाला हवी फळी?"

"आता तू लाव," काकी त्याला म्हणाली.

रावजीने बाह्या सरसावल्या. त्याच्या रुंद पंजांतून मिठाचा डोंगर झाला आणि लगेच ढासळला. दाजीबांनी लावली, ती बोटभरसुद्धा उंच झाली नाही. यमुनाक्काची एका बाजूला कलली. चार माणसांच्या चार तऱ्हेच्या शिगा झाल्या.

काकी ते सगळं बघत राहिली. घरून निघताना तिने ठरवलं होतं की फळी मोडूनच यायचं. आता ती बोलेल तेच बेट मानणार होतं. तिने हात झटकले आणि ती सावकाश बोलू लागली.

"माझा हात मी घरोघर वाटू शकत नाही. माझ्यानंतर तर अजिबात नाही. बाजारात फळी बरोबर आहे. मला ती आवडत नाही, पण ती बरोबर आहे."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं.

"पण दाजीबा, आमच्याही गोष्टी ऐका," ती म्हणाली. "बाजारात तुमची फळी चालेल. आमच्या बेटावर, आमच्या घरात, पाहुण्याच्या पदरात मीठ घालताना आमची शीगच चालेल. तिथे कुणी फळी आणायची नाही. सभा अष्टमीला नको, पौर्णिमेला घ्या. पौर्णिमेला दुपारी भरती असते. आणि एक तरी सतरंजी रिकामी असेल, तर त्या दिवशी नवा नियम करायचा नाही. आधी माणूस पाठवून विचारायचं."

पहिल्या दोन गोष्टी दाजीबांनी लगेच मान्य केल्या. तिसरीला मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "असं प्रत्येकासाठी थांबत बसलो, तर कामं व्हायची कधी?"

काकीने पदराची गाठ सोडली आणि वाल तळहातावर ठेवून दाखवला.

"आमच्याकडे मेळ सोडायला तीस वाल आणि राहायला तीस गुंजा पडल्यात. हा एकसष्टावा. मी अजून टाकलेला नाही."

दाजीबांनी वालाकडे बघितलं, मग काकीकडे. "थांबू की," ते म्हणाले. "एवढी काय घाई असते नियमांची!"

संध्याकाळी होड्या परत निघाल्या. निघताना बाळकोबांना द्रोणभर खीर मिळाली. या वेळी त्यांनी ती सगळ्यांना वाटली. दुसऱ्या दिवशी वालवाले आणि गुंजवाले मिळून बांधावर उतरले आणि दुपारपर्यंत बांध उभा राहिला. त्या रात्री कुंपणावरून कालवणाची वाटी रावजीच्या घरी गेली. "मान नाही वाढला, भाऊजी," पलीकडून आवाज आला, "नुसते बांगडे आहेत." रावजीने सकाळी वाटी परत केली, ती मिठाने भरून. वर शीगही लावली होती. जरा वाकडी होती, पण लावली होती.

त्यानंतर दर पौर्णिमेला बेटाची सतरंजी भरलेली असते. तिथे वाद होतात, कधी कधी मोठ्याने होतात. काही वेळा बेटाचं चालतं, काही वेळा नाही. रावजी अजूनही अधूनमधून विचारतो, "काकी, तो वाल टाकणार तरी कधी?"

काकी म्हणते, "टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हे ज्या दिवशी सगळं गाव एका तोंडाने सांगेल, त्या दिवशी."

आणि सभेत दाजीबांचा आवाज फारच चढला, की ती पदराच्या गाठीला हात लावते. दाजीबा लगेच पाणी मागवतात.

तात्पर्य: आपला कारभार आपल्या हाती हवा, तर आधी आपल्या जागेवर हजर राहावं, आणि चारचौघांत राहायचं असो की वेगळं व्हायचं असो, पुढे काय करायचं हे एकमेकांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.