कोळ्याच्या डोळ्यातला डाग

"पण चाचा, बांगडीसारखा गोल फ्लॅश घेऊ की दोन दिव्यांचा? तेवढं सांगा, मी सुटतो!"

मुजावरचाचा चहा गाळत होते. राधानगरीत चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझ्या अक्काला किड्यांचे फोटो काढायला त्यांनीच शिकवलं.

अक्का जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

"बस की आधी."

"वेळ नाही! रविवारी शाळेत तिच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. सगळे फोटो मी नव्याने काढणार. बिनडागाचे!"

"फोटो तू काढणार आणि नाव तिचं लावणार?"

मी ते ऐकलंच नाही. अक्काचा कॅमेरा पुढे केला. पडद्यावर तिने काढलेला फोटो होता. उड्या मारणारा कोळी, तांदळाएवढा. समोरचे दोन डोळे काळेभोर, टपोरे. दोन्हींत पांढरा ठिपका.

"ह्या डागावरून स्पर्धेत तिचे फोटो बाजूला काढले. दोन दिवस जेवली नाही ती. मला असा फ्लॅश पाहिजे, ज्याचा डागच पडणार नाही!"

"गोल फ्लॅश भिंगाभोवती बसतो. डोळ्यात बांगडी दिसेल."

"मग दोन दिव्यांचा!"

"दोन ठिपके दिसतील."

"मग तिसरा कुठला?"

"आरं उत्तम, डोळा आहे तो. समोरचं दिसणारच."

माझं डोकं फिरलं.

"राहू द्या. माझं मी बघतो. कार्ड भरलंय, हे सगळे पुसतो आणि आत्ता कामाला लागतो."

मातीने माखलेला अंगठा बटणावर गेला. चाचांनी माझं मनगट धरलं.

"दुसरीकडे ठेवलेत हे?"

"नाही. डागाळलेले कशाला ठेवायचे?"

चाचांनी कॅमेरा स्वतःकडे घेतला.

मग त्यांनी दुसरंच एक बटण दाबलं. ते बटण कशाचं, मला माहीत नव्हतं. कोळी मोठा झाला. पुन्हा दाबलं. नुसता डोळा उरला. पुन्हा... ठिपका पसरून चौकोनी झाला.

"हा तिचा बटर पेपर. उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशपुढे धरायची. डाव्या हातात."

कागदाच्या कडेला चार काळ्या रेघा होत्या.

बोटं!

तीन लांब. चौथं आखूड. लहानपणी कडबा कापताना अक्काच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं होतं.

"चाचा... ही..." मी ओरडलोच. "अक्का आहे ही! पुढचा दाखवा! पुढचा!"

पुढे इवलासा बेडूक होता. त्याच्या डोळ्यात आखूड करंगळी. त्याच्यापुढे गवतावरचा दवाचा थेंब. थेंबातसुद्धा!

मी हसत होतो आणि मातीच्या हातांनी तोंड पुसत होतो.

बऱ्याच वेळाने विचारलं, "मग मी... कुठला फ्लॅश घेऊ?"

"तिचा जुना चालू आहे?"

"चालू आहे की."

चाचांनी कपाटातून बटर पेपरचा कोरा तुकडा काढला. मी झडप घातली. त्यांनी तो मागे ओढला.

"आधी हात धुऊन ये," ते म्हणाले. "कोळ्याला दिसणार आहेत."