गुप्ती आणि पितळी बिल्ला

एकदा एका घाटवाटेवरील पेठेत एक वयोवृद्ध शस्त्रगुरू राहत असत. त्या मुलखात वाटमारीचा उपद्रव फार; म्हणून निवडक लोकांना काठीत दडवलेली गुप्ती बाळगण्याचा परवाना दरबारातून मिळे. गुरूंच्या एका शिष्यापाशी तो होता. एकदा त्याने गुप्ती उपसून एका व्यापाऱ्याला लुटारूंपासून वाचवले. लुटारू पळाले, पण धावत आलेल्या शिपायाने नंगी गुप्ती पाहून त्यालाच लुटारू समजले आणि खांद्यावर लाठी हाणली.

तेव्हापासून शिष्याचा एकच ध्यास: परवानाधारकांना शिपायांसारखा बिल्ला मिळालाच पाहिजे. त्या प्रसंगानंतर स्वतःही परवाना काढलेल्या व्यापाऱ्याने तर नमुन्यादाखल एक घडवूनही आणला. दुसऱ्या दिवशी चावडीवर निर्णय व्हायचा होता, आणि गुरूंच्या शब्दाला तेथे मोठे वजन होते.

"गुरुजी, आपण नुसते 'हो' म्हणा," शिष्य विनवू लागला. "पुढची लाठी डोक्यात बसेल."

गुरूंनी वाद घातला नाही. त्यांनी बिल्ला स्वहस्ते शिष्याच्या छातीवर लावला, गुप्ती काढून घेतली आणि म्हणाले, "बाजारातून पावशेर गूळ घेऊन ये."

शिष्य बुचकळ्यात पडला, तरी निघाला. हलवाई अदबीने उठून उभा राहिला, तशी त्याची मान ताठ झाली. इतक्यात एक बाई ओरडली, "अहो शिपाईदादा, बघत काय उभे राहिलात? माझी पाटली हिसकावली त्या मेल्यानं!"

दोन माणसे पळत होती. शिष्याने मागच्याची मानगूट धरली. "चल चावडीवर!"

"अहो, मी चोराच्याच मागं धावत होतो!" तो धापा टाकीत म्हणाला. तो पेठेतला तेली होता. "दुसरा कोणी असता तर झिडकारून पुढं गेलो असतो. बिल्ला बघितला अन् पाय थांबले."

चोर तोवर दिसेनासा झाला होता.

"छातीवर एवढं पितळ," बाई कडाडली, "अन् डोक्यात काहीच नाही का रे?"

शिष्य गुळावाचून परतला. गुरू म्हणाले, "तुला मार बसला, ही तुझी तक्रार खरी आहे. परंतु शिपायाला हुकुमाचा अधिकार असतो आणि त्याला जाब विचारणारा कोतवालही असतो. तुझा परवाना जीव वाचवण्यापुरता आहे. बिल्ला दिसताच लोकांनी तुला नसलेला अधिकार दिला, आणि तूही तो घेतलास. शिपायाने तुला ओळखावे असे वाटते ना? मग ओळखू येईल असे वाग."

दुसऱ्या दिवशी भर चावडीत शिष्याने आपली मागणी मागे घेतली आणि तेल्याची हात जोडून क्षमा मागितली. मग त्याने गुरूंनी परत दिलेली गुप्ती उपसली व लाठी मारणाऱ्या त्याच शिपायाला म्हटले, "दादा, त्या दिवसासारखे धावून या."

शिपाई लाठी उगारून धावला. शिष्याने तत्क्षणी गुप्ती जमिनीवर ठेवली, तीन पावले मागे सरला आणि दोन्ही तळहात उघडे केले. लाठी हवेतच थांबली.

"अरे गड्या," शिपाई थक्क होऊन म्हणाला, "हे तेव्हाच का नाही केलंस?"

उत्तर गुरूंनी दिले. "चूक माझी. मी त्याला गुप्ती उपसायला शिकवले, खाली ठेवायला शिकवले नाही."

साऱ्या चावडीने असा जयघोष केला की घाटातून पडसाद उमटले. बिल्ला नामंजूर झाला. ही रीत मात्र सर्व शिपायांनी व परवानाधारकांनी शिकावी असे ठरले. चाळीस परवानाधारक तेथल्या तेथे रांगेत उभे राहिले, व्यापारी सर्वांत पुढे. शिष्याने खूण करताच चाळीस गुप्त्या एकदम जमिनीला टेकल्या.

शस्त्र बाळगणाऱ्याची खरी ओळख, ते खाली ठेवण्याच्या त्याच्या तत्परतेवरूनच पटते.